कर्जातला बाजीराव

घरात कुणी उगाच ऐट मिरवू लागला, की वडील मंडळी चटकन म्हणतात, ‘मोठा बाजीराव लागून गेलास की नाही!’ ह्या बोलण्याचा रोख बहुधा दुसऱ्या बाजीरावाकडे असावा. ब्रह्मावर्तास वर्षाकाठी आठ लाखांचे पेन्शन घेऊन बसलेल्या त्या शेवटच्या पेशव्याकडे. परंतु भाषा काही नावापुढे ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे आकडे लावीत बसत नाही. त्यामुळे नातवाची ऐट बिचाऱ्या आजोबाच्याही खात्यावर जमा झाली आहे. आणि आजोबा तर असा, की ज्याच्या पत्रांतून सावकारांच्या तगाद्याची कुरकुर सतत ऐकू येते. राजाचा मुख्य प्रधान, लाखांच्या मोहिमा चालवणारा सेनानी, आणि कर्जाने गांजलेला गृहस्थ! ह्या तिसऱ्या बाजीरावाकडे आपल्या ललित लेखकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि त्यामुळे आपल्या वाङ्मयातले त्याचे चरित्र अजून अपुरे आहे, असे मला वाटते. त्याचीच थोडी चर्चा इथे करायची आहे.

मराठी मनात बाजीराव दोन रूपांनी वावरतो. पहिले रूप शाळेच्या पुस्तकातले. १७२० साली बाळाजी विश्वनाथ वारला. शाहू महाराजांनी कऱ्हाडजवळ मसूरच्या मुक्कामी त्याच्या मुलाला पेशवाईची वस्त्रे दिली. मुलगा विशीही न ओलांडलेला. मग सातारच्या दरबारात श्रीपतराव प्रतिनिधी जपून चालण्याचा सल्ला देतात, आणि हा तरुण पेशवा उठून भाषण करतो, की मोगलाईचा वृक्ष मुळाशी जीर्ण झाला आहे, खोडावरच घाव घालावा, फांद्या आपोआप पडतील. आपल्यापैकी कितीजणांनी हे भाषण स्नेहसंमेलनात घोकून म्हटले असेल! मात्र हे भाषण त्या दरबारात कुणी टिपून ठेवलेले नाही. ते आपल्याकडे आले नंतरच्या बखरींतून आणि ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासातून. वाद झाला असेलच, दोघांची मतेही साधारण अशीच असतील. पण शब्द मात्र मागाहून सुचलेले दिसतात. इतके घोटीव वाक्य बाजीरावाच्या खऱ्या पत्रात सापडणे कठीण. त्याची पत्रे अगदी वेगळ्या धाटणीची आहेत. त्यांच्याकडे पुढे वळू.

दुसरे रूप मस्तानीचे. ते आपल्या घराघरांत पोचवले ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने, १९७२ साली. इनामदारांचा पिंडच असा, की लोकापवादाने झाकली गेलेली माणसे त्यांना साद घालीत. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’मध्ये तर खुद्द दुसरा बाजीराव. ‘राऊ’मध्ये त्यांनी मस्तानीला चावडीवरच्या कुजबुजीतून बाहेर काढले आणि तिला माणसाची जागा दिली. हे ऋण लहान नव्हे. मस्तानीविषयी त्या काळचे कागद मोजके. छत्रसालाकडून ती आली, पुण्यात राहिली, १७३४ साली समशेर बहाद्दर झाला, १७४० साली बाजीरावामागोमाग तीही गेली आणि पाबळला तिची कबर आहे. एवढ्या सामग्रीवर कादंबरी उभी करणे हे कामच आहे. परंतु त्या कादंबरीचे सारे वजन घरातल्या संघर्षावर पडते. तिच्यातल्या बाजीरावाला आई विरोध करते, ब्रह्मवृंद विरोध करतो, भाऊ आणि मुलगा आडवे येतात. सावकाराचा तगादा काही त्याच्या दुःखाचा गाभा होत नाही. पुढे २०१५ साली ह्याच कादंबरीच्या आधारे हिंदी चित्रपट निघाला, आणि त्यात तर लखलखता आरसेमहालच उभा राहिला. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० च्या जानेवारीत झाली आणि वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीत. पहिल्या वाड्याचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. त्या काळच्या रुपयांत ही रक्कम काही थोडी नव्हे. पण पडद्यावरच्या त्या महालातले नुसते आरसेही एवढ्यात झाले नसते, असे म्हटले तर रसिकांनी रागावू नये.

आता इतिहासकारांना ह्याचा दोष देता येणार नाही. कर्जाची हकीकत ग्रँट डफला ठाऊक होती. सरदेसायांनी ‘रियासती’त ती सांगितली. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचा पत्रव्यवहार छापला, त्याला शंभरावर वर्षे होऊन गेली. पेशवे दप्तरातले निवडक कागद सरदेसायांनी १९३० ते १९३४ ह्या काळात पंचेचाळीस भागांत बाहेर काढले. म्हणजे कागद कपाटात कुलूपबंद नव्हते. पण चरित्रकार कर्जाला एखादा परिच्छेद देतो आणि पुन्हा घोड्यावर बसतो. कादंबरीकार तर तोही देत नाही. कर्ज ही गोष्टच आपल्याला वीराच्या अंगावर शोभत नाही असे वाटते. आपल्या घरातही आजोबांचे पराक्रम पंगतीत सांगतात, आणि आजोबांचे कर्ज आतल्या खोलीत, हळू आवाजात.

ब्रह्मेंद्रस्वामी हे पेशव्यांचे गुरू. पण हे गुरू अनुग्रहाबरोबर व्याजी पैसाही देत, आणि परतफेडीची आठवणही करून देत! त्यांना लिहिलेल्या एका पत्रात बाजीरावाने आपली स्थिती सांगितली आहे. सावकारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजले, अशा अर्थाचे ते बोल आहेत. दिल्लीच्या बादशहापुढे जे कपाळ वाकले नाही ते पुण्याच्या पेढ्यांवर झिजले. ज्या कुणाला बाजीरावावर नाटक लिहायचे असेल त्याने ह्या एका पत्रापासून सुरुवात करावी. प्रतिनिधीपुढच्या त्या भाषणापेक्षा इथे कितीतरी अधिक नाट्य आहे.

असे का व्हावे? ह्याचे उत्तर बाजीरावाच्या स्वभावात शोधण्याआधी त्याला वारसाहक्काने काय मिळाले ते पाहावे. बाळाजी विश्वनाथाने १७१९ साली दिल्लीहून सनदा आणल्या. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर शेकडा दहा सरदेशमुखी. ऐकताना डोळे दिपतात. पण सनद म्हणजे रोकड नव्हे. गावोगाव जाऊन ती वसूल करायची, आणि तीही तिथल्या मोगल सुभेदाराच्या छातीवर बसून. शिवाय वाटण्या आधीच ठरलेल्या. चौथाईपैकी शेकडा पंचवीस बाबती म्हणून राजाचे. सहा टक्के सहोत्रा पंत सचिवाचा. तीन टक्के नाडगौडा, तो राजा देईल त्याला. उरलेले सहासष्ट टक्के मोकासा, म्हणजे ते सरदारांच्या फौजांसाठी. सरदारांचे हिस्से एकमेकांच्या मुलखात अशा रीतीने गुंतवलेले, की कुणाला सुटे होऊन जाता येऊ नये. युक्ती मोठी हुशारीची. पण हुशारीचा दुसरा अर्थ असा, की प्रत्येक रुपयामागे चार माणसे हात पुढे करून उभी.

आणि मग ते चक्र सुरू होते. चौथाई मिळवायची तर फौज हवी. फौज ठेवायची तर चौथाई हवी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचे, पावसाच्या तोंडाशी परत यायचे. निघताना शिलेदारांना, बारगिरांना काही हातावर ठेवावे लागते. घोडी लागतात, दाणा लागतो. वसूल येणार पुढल्या उन्हाळ्यात, खर्च होणार ह्या आश्विनात. मधल्या सात-आठ महिन्यांचे अंतर कोण भरून काढणार? सावकार. तो व्याज घेणार, आणि मोहीम रिकाम्या हाताने परतली तरी मुद्दल मागणार. शेतकऱ्याच्या घरी पेरणीपासून सुगीपर्यंत जे चालते तेच इथे साम्राज्याच्या आकाराने चालले होते. हे एकदा ध्यानात आले, की बाजीरावाच्या त्या प्रसिद्ध वेगाचाही थोडा वेगळा अर्थ लागतो. तो वेग त्याच्या प्रतिभेचा होताच. पण रेंगाळणे त्याला परवडणारेच नव्हते. तळ ठोकून बसलेली फौज रोज खाते.

पालखेडची मोहीम घ्या. तिच्यावर आपण सारेच खूष असतो; विशेषतः माँटगोमेरीसारख्या इंग्रज सेनापतीने १९६८ सालच्या आपल्या युद्धेतिहासात तिची वाखाणणी केल्यापासून. (घरच्या माणसाची हुशारी पाहुण्याने सांगितल्यावरच पटावी, ही आपली जुनी खोड.) निजामाने पुणे घेतले, कोल्हापूरच्या संभाजीराजांना पुढे केले, बाजीराव पुणे सोडवायला धावला नाही. तो जालन्याकडे, बऱ्हाणपुराकडे, पुढे गुजरातेत असा फिरत राहिला आणि निजामाला मागे ओढत नेले. निजामाचा अवजड तोफखाना मागे राहिला, आणि १७२८ च्या फेब्रुवारीत वैजापूरजवळ पालखेडला पाणी तुटलेल्या जागी तो कोंडला गेला. लढाईचे असे वर्णन सगळीकडे मिळते. पण भांडण सुरू कशावरून झाले? निजामाने चौथाई द्यायचे थांबवले, आणि कारण काय दिले, तर शाहू खरा की संभाजी खरा हे आम्हांला ठाऊक नाही, मग पैसे द्यायचे कुणाला! दोन भावांच्या भांडणाचा फायदा घेऊन भाडे थकवणाऱ्या बिऱ्हाडकरूची ही युक्ती. आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला त्यात काय आहे? शाहूचा हक्क मान्य, चौथाई-सरदेशमुखी चालू, हाकललेले वसुलीचे अंमलदार पुन्हा आपापल्या जागी. म्हणजे जगातल्या उत्तम मोहिमांत जिची गणना होते ती मोहीम अखेर थकबाकीसाठी होती. ह्यात मला कमीपणा वाटत नाही. उलट, इतक्या रुक्ष कामासाठी इतकी कल्पकता वापरणारा माणूस अधिक खरा वाटतो.

त्रिंबकराव दाभाड्याची कथाही अशीच. १७३१ च्या १ एप्रिलला डभईजवळ मराठ्यांनीच मराठ्यांचा सेनापती मारला. नाटकी लेखणीला इथे मत्सर, कपट, निजामाची कारस्थाने दिसतात, ती होतीही. पण मुळाशी गुजरातच्या चौथाईचा प्रश्न होता: ती कुणी गोळा करायची, आणि तिच्यातला वाटा कुणाचा. घरातल्या दोन कर्त्या पुरुषांत एका शेतावरून वैर व्हावे तसे ते झाले.

इतके सांगितल्यावर वाचक विचारील, की मग तुमचा बाजीराव म्हणजे नुसता वसुली कारकून की काय? नव्हे; आणि त्याचा पुरावाही एका पत्रातच आहे. १७३७ च्या मार्चमध्ये तो दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकला, त्या स्वारीची हकीकत त्याने चिमाजीअप्पाला सविस्तर लिहून कळवली. माझ्या मते मराठी गद्याच्या कुठल्याही चांगल्या संग्रहात ह्या पत्राला जागा हवी. त्याआधी दुआबात सादतखानाने मल्हारराव होळकरांना मागे रेटले होते आणि मराठ्यांना चंबळेपार पिटाळल्याची फुशारकी बादशहाला लिहून धाडली होती. बाजीरावाचे म्हणणे एवढेच, की बादशहाला खरे काय ते कळावे. आम्ही आहोत, इथेच आहोत, हे दाखवावे. वाटेतल्या शाही फौजांना बगल देऊन तो राजधानीशी पोचला, समोर आलेल्या तुकडीचा धुव्वा उडवला, आणि परतला. लिहिण्याची रीत पाहा: कुठे विशेषणांचा फुलोरा नाही, स्वतःची आरती नाही. मुक्काम, अंतर, कोण कुठे होते, कोण पडले, पुढे काय करावे. रणांगणावरून धाकट्या भावाला लिहिताना माणूस जितका सरळ लिहील तितके सरळ.

त्या पत्रातला एक विचार मोठ्या मोलाचा आहे. दिल्ली जाळावी असे आधी त्याच्या मनात होते. मग त्याने विचार केला, की तसे करण्यात लाभ नाही. मर्यादा ओलांडली तर पुढच्या बोलण्याचा मार्गच तुटेल. दोनच वर्षांनी, १७३९ साली, नादिरशहाला हा विचार सुचला नाही. त्याने त्याच दिल्लीत कत्तल केली आणि खजिना ओढून नेला. बाजीरावाच्या संयमाला कुणी उदारपणा म्हणतील, कुणी राजनीती. मला त्यात त्याच्या जन्मभराच्या अनुभवाचीही छाया दिसते. ज्याने आयुष्यभर देणेकऱ्याची आणि घेणेकऱ्याची अशा दोन्ही भूमिका केल्या, त्याला हे पक्के ठाऊक असते, की जळलेल्या घराकडून वसुली होत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी भोपाळला त्याने निजामाला पुन्हा कोंडले. १७३८ च्या जानेवारीत दुराई सराईच्या तहात निजामाने माळवा आणि नर्मदा-चंबळेमधला मुलूख देवविण्याचे आणि बादशाही खजिन्यातून पन्नास लाख मिळवून देण्याचे कबूल केले. पन्नास लाख! सावकारांच्या तोंडाला पाणी सुटले असेल. पण लवकरच त्या खजिन्यावर नादिरशहाची धाड आली.

आता एका चित्राविषयी. दख्खनच्या ह्या पेशव्याची तसबीर आणायला एक चितारी पाठवला गेला, अशी गोष्ट सांगतात. आणि त्याने काढून नेले ते हे: बाजीराव घोड्यावर, लगाम सैल, भाला खांद्याला, आणि तळहातांत कणसे चोळून दाणे तोंडात टाकीत चाललेला. गोष्ट खरी असो वा नसो, ती आपल्याला फार आवडते. साधेपणा, काटकता, मावळी बाणा, सगळे एका चित्रात आले. मीही ती लहानपणी आवडीने ऐकली आहे. पण मोठेपणी एक प्रश्न पडतो: कणसे कुणाच्या शेतातली? ज्या फौजेबरोबर धान्याचे तांडे नाहीत, ती फौज वाटेतल्या रानावर जगते. मराठ्यांच्या फडात ‘घासदाणा’ नावाची एक बाबच होती. घोड्यांच्या गवत-दाण्यासाठी घ्यायची पट्टी. नावातच सारे आले. माळव्यातला, खानदेशातला, वऱ्हाडातला कुणबी त्या चितारीच्या चौकटीबाहेर, बांधावर, उभा आहे. बाजीरावाच्या कर्जाविषयी सहानुभूतीने लिहिताना त्याला विसरून चालणार नाही. सावकाराने बाजीरावाचा गळा धरला, हे खरे. बाजीरावाच्या माणसांनी तोच हात पुढे कुणाच्या गळ्यावर नेला, हेही खरे. कर्जबाजारी म्हणून माणूस निष्पाप ठरत नाही. आपले लेखक ह्या ठिकाणी फार लवकर भारावून जातात.

मात्र त्याच्या पदरी असे एक धन होते, की जे कुठल्याच पेढीवर गहाण टाकता येत नव्हते. १७३५ साली त्याची आई, राधाबाई, काशीयात्रेला निघाली. वाटेत उदेपूर-जयपूरच्या राजांनी तिचा मानमरातब केला, आणि ज्या महंमदखान बंगशाला तिच्या मुलाने बुंदेलखंडात धूळ चारली होती त्यानेही तिची यात्रा सुखरूप होऊ दिली. पुण्यात ज्याच्या नावावर हुंडी लिहिताना सावकार दहादा विचार करी, त्याच्या नावावर एक वृद्ध बाई परमुलखातून गंगास्नान करून आली.

मस्तानीची गोष्टही ह्या हिशेबाबाहेरची नाही. १७४० च्या हिवाळ्यात बाजीराव निजामाच्या मुलाशी, नासिरजंगाशी, गोदावरीकाठी लढत होता, आणि मागे पुण्यात मस्तानी घरच्यांच्या नजरकैदेत होती. कादंबरी इथे विरहाने भिजते, आणि ते योग्यच आहे. पण त्या लढाईतून काय मिळाले? मुंगी-पैठणच्या तहाने हंडिया आणि खरगोण, अशी जहागीर. बाजीराव घरी परतला नाही. ह्या नव्या मुलखाची व्यवस्था लावायला तो नर्मदेकडे गेला. उन्हाळा कडक होता. रावेरखेडीला ताप आला, आणि २८ एप्रिल १७४० रोजी, चाळीशीही पुरी झालेली नसताना, तो वारला. विरहाने झुरून गेला असे सांगणाऱ्यांना मी खोटे म्हणणार नाही; माणसाच्या मनात काय होते ते कागद सांगत नाहीत. पण तो मेला त्या जागी त्याला नेले होते ते एका जहागिरीच्या कामाने, हे मात्र कागद सांगतात.

पुढची हकीकत चरित्रग्रंथांत बहुधा पुढल्या प्रकरणात टाकलेली असते. माझ्या मते ती ह्याच जीवनाचा शेवटचा अंक आहे. बाजीरावाचा थोरला मुलगा नानासाहेब तेव्हा एकोणीस वर्षांचा. बाप पेशवा झाला त्याच वयाचा. त्याच्याविरुद्ध पेशवेपदासाठी उभे राहिले बारामतीकर बाबूजी नाईक. रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा. आणि हे बाबूजी नाईक कोण? बाजीरावाच्या बहिणीचे, भिऊबाईचे दीर, आणि बाजीरावाचे सावकार! मोठे नजराणे कबूल करूनही शाहू महाराजांनी त्यांचे ऐकले नाही, वस्त्रे नानासाहेबालाच दिली. तेव्हा नाईकांनी दुसरा मार्ग धरला: मेलेल्याचे कर्ज आता ताबडतोब मिटवा. सोयऱ्यानेच दारात धरणे धरावे तसा तो प्रसंग. नानासाहेबाजवळ बापाची कीर्ती होती, रोकड नव्हती. अखेर दिवाण महादजीपंत पुरंदरे पुढे आले. त्यांनी आपली पत घालून पैसा उभा केला आणि नाईकांचा तगादा बंद केला. नानासाहेबाने त्या वर्षीच्या मोहिमेची तयारी सुरू केली, आणि तयारीसाठी पुन्हा पैसा लागणार होता.